एका मताचे मोल

टीव्हीवरचा राजकीय वाद आपण नुसता पाहत नाही, त्याला उत्तरे देतो. १७ एप्रिल १९९९ला हसनाबादला आमच्या घरी हेच चालले होते. वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाचे थेट प्रक्षेपण. शेजारीपाजारी दाटीने बसलेले. कुणी टाळी देई, कुणी टोमणा. निकाल आला : बाजूने २६९, विरोधात २७०. "अहो, एका मतानं?" आई म्हणाली. एका मताने काय होते, असे एरवी म्हणणारे गप्प झाले.

अमेरिकेत एकाच पक्षातले इच्छुक टीव्हीवर वाद घालतात आणि उमेदवार कोण, हे मतदार ठरवतात. आपल्याकडे तिकिटे वाटून झाली की मगच मतदाराची आठवण होते. मत एवढे मोलाचे, तर ते उमेदवार निवडतानाही का विचारू नये?