बंदुकीचा घसा

बंदुकीलाही घसा असतो, हे ऐकून आम्हा मास्तरमंडळींना बरेच वाटेल. घशाची किंमत आमच्याइतकी कोणाला ठाऊक? पण ही थट्टा नव्हे. रायफलीच्या नळीत आतून पेचदार चर असतात. त्यांच्या योगाने गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते व सरळ राहते. काडतुसाचे तोंड आणि हे चर यांच्या मधला जो गुळगुळीत भाग, तो घसा.

कॉर्बेटसाहेबांच्या शिकारकथांनी मला या विषयाची गोडी लावली. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी १९०७ साली मारली, म्हणून '.२७५ रिग्बी' ही रायफल त्यांना भेट मिळाली. तिनेच त्यांनी १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या टिपला. नाव इंग्रजी असले तरी काडतूस मूळचे जर्मन, ७ मिलिमीटरचे माउझर. त्याची आरंभीची लष्करी गोळी लांब, बोथट नाकाची, १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची. तिला साजेसा घसाही लांब. पुढे १४० ग्रेनच्या, टोकदार गोळ्या आल्या, आणि पेच पडला.

अमेरिकेत कित्येक हौशी लोक आजही काडतुसे घरी भरतात. जुन्या माउझरसाठी आखूड गोळी पितळी पुंगळीत खोल बसवावी, तर चर दूर राहतात. मधल्या उडीत गोळी किंचित कलली, की नेम फाकतो. तिला पुढे ओढावी, तर पुंगळीची पकड सुटू लागते.

मग चरांना अगदी टेकवूनच ठेवली तर? तेथे जिवाशी गाठ! गोळीला धावायला जागा नसते, त्यामुळे दारूचा दाब एकदम चढतो. आधीच भरपूर दारू भरलेली असेल, तर बंदूक फुटायची भीती. उलट, गोळी फारच खोल दाबली तर दारूची जागा आकसते आणि तेथेही दाब वाढू शकतो. अमेरिकेच्या रॉय वेदरबी यांनी तर आपल्या जोरकस काडतुसांसाठी घसा मुद्दाम लांब ठेवला, तो दाब आवरण्यासाठीच.

म्हणून जाणता माणूस आधी आपल्याच बंदुकीचा घसा मोजतो. दारू बेताची ठेवून, गोळी इंचाच्या काही सहस्रांशांनी मागेपुढे करत, कोठे नेम एकवटतो ते वहीत टिपतो. शेजाऱ्याचे माप येथे चालत नाही. गाईडातले उत्तर उतरवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे! तापलेल्या वायूंनी घसा झिजून लांबत जातो, तेव्हा स्वतःचे जुने मापही पुन्हा तपासावे लागते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत, हे योग्यच आहे. पण रुद्रप्रयागच्या काळोखात झाडावर बसून झाडलेली ती एक गोळी पुन्हा वाचाल, तेव्हा शिकाऱ्याच्या छातीबरोबर त्या बोटभर घशाचीही आठवण ठेवा.