ग्रंथपालांचा पहिला वर्ग

ग्रंथपालाच्या व्यवसायाला विधिवत् शिक्षणाची आवश्यकता आहे, हा विचार १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात पहिली ग्रंथालयशाळा उघडून मेल्व्हिल ड्यूई यांनी जगापुढे ठेवला. आणि हिंदुस्थानात तसा वर्ग प्रथम भरला तो १९११ मध्ये, इंग्रजी अंमलाच्या कोणत्याही इलाख्यात नव्हे, तर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या महाराज सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या राजाला शिकलेल्या रयतेच्या वाचनाचीही तितकीच काळजी होती, म्हणूनच त्याने विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास मुद्दाम पाचारण केले. १९१२ पासून तेथे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीतही निघू लागले, ही गोष्ट आपण अभिमानाने स्मरावी अशीच आहे. बोर्डेन १९१३ मध्ये परतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ग्रंथालयखात्याची धुरा वाहिली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला मात्र अशा शिक्षणाची सोय होण्यास बराच काळ थांबावे लागले. बडोद्यात तो वर्ग भरला त्या काळी हा जिल्हा वऱ्हाडात, मध्यप्रांताच्या कारभाराखाली होता. पुढे येथील महाविद्यालये ज्याच्या कक्षेत होती, त्या नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदविका १९५६ च्या सुमारास सुरू झाली.