दोष एकट्या सुनेचा नसतो

‘आमच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही.’ बाळाच्या ‘बेरा’ या श्रवणचाचणीचा अहवाल हाती आला की हे वाक्य हमखास निघतं आणि घरच्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. ग्रहणात बाहेर पडली होती, नको ते खाल्लं होतं. हा अन्याय थांबायला हवा, कारण विज्ञान वेगळंच सांगतं.

जन्मजात बहिरेपणाचं कारण सुमारे निम्म्या मुलांत जनुकांत असतं. त्यातही बहुतेकदा आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष प्रत आली, तरच ते उमटतं; अशा जनुकाला अप्रभावी म्हणतात. एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून सात पिढ्यांत कुणी बहिरं नसलं, तरी दोष चालत आलेला असू शकतो.

यातलं सर्वांत परिचित जनुक म्हणजे 13व्या गुणसूत्रावरचं जीजेबी-2. बहिरेपणाशी त्याचं नातं 1997 साली उलगडलं. ते कनेक्सिन-26 हे प्रथिन घडवतं. कानाच्या आतल्या कॉक्लिआत आवाज पोहोचला की केशपेशींत पोटॅशियम शिरतं. ते पुन्हा जागेवर फिरवण्याच्या कामी शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या, कनेक्सिनच्या सूक्ष्म नळ्या लागतात. भारतात या जनुकात सर्वाधिक आढळणारा बदल डीएनएतल्या फक्त एका अक्षराचा आहे. ‘जी’च्या जागी ‘ए’ येतो आणि 226 अमिनो आम्लांची साखळी 24व्या जागीच तुटते. नळी तयारच होत नाही.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल बहिरं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब यात नाही. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न झालं की तोच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. अशा घरांतली बहुतेक मुलं ऐकू येणारीच असतात, हेही सांगायला हवं.

जनुक तपासणीत जीजेबी-2मधला दोष निघाला, तर त्यातून दिलासाही मिळतो. यात श्रवणाची नस सहसा शाबूत असते, त्यामुळे वेळेवर केलेलं कॉक्लिअर इम्प्लांट चांगलं साधतं.

पती-पत्नी दोघंही कर्णबधिर असतील तर? दोष एकाच अप्रभावी जनुकात असेल तर सगळी मुलं बहिरी. वेगवेगळ्या अप्रभावी जनुकांत असेल तर मुलांना बहुधा ऐकू येतं. हे त्या जोडप्याला सासू-सासऱ्यांमार्फत कळू नये. समुपदेशकाने ते खुणांच्या भाषेत थेट त्यांनाच सांगावं.