खाडीचा चिखल ओसाड नाही

आज आपण आपल्या धरमतरच्या खाडीबद्दल बोलणार आहोत. तिथे वर्षभरात कोण कोण येतं, कोण राहतं आणि ते टिकावं म्हणून आपण काय करू शकतो, एवढाच आजचा विषय.

ओहोटीच्या वेळी धरमतरच्या पुलावरून एसटीने जाताना खाली काय दिसतं? काळाभोर चिखल, कडेला तिवरं, आणि चिखलात ओढल्यासारख्या पाण्याच्या रेघा. पाहणारा म्हणतो, इथे काही नाही. कागदोपत्री अशा जागेला पोटखराब म्हणतात, पडीक म्हणतात. मुरूड-रोह्याच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे, ते १९८६ साली जाहीर झालं. तिथे पाटी आहे, राखणीला वनरक्षक आहे. लोक मुद्दाम शेकरू बघायला जातात. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य झालं. आपल्या खाडीला अशी पाटी नाही. म्हणून तिच्यात काय आहे हे आपणच सांगायला हवं.

आधी हा चिखल येतो कुठून ते बघू. आपली अंबा नदी खोपोली-खंडाळ्याकडच्या डोंगरातून निघते, पालीवरून, नागोठण्यावरून खाली येते आणि पावसात डोंगराची माती घेऊन येते. गोडं पाणी खाऱ्या पाण्याला भेटलं की पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक गाळ खाली बसतो. त्या गाळावर डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढतं, ते खायला किडे, गोगलगायी, खेकडे, निवट्या येतात, आणि त्यांना खायला पक्षी आणि मासे. म्हणजे ओहोटीचा चिखल हे वाढलेलं ताट आहे. दिवसातून दोनदा ते उघडतं आणि दोनदा झाकलं जातं.

आता वर्षाची सुरुवात पावसापासून करू, कारण खाडीचं वर्ष तिथूनच सुरू होतं.

पहिला पाऊस पडला की वलगणीचे मासे चढतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच दिवसांत आपला जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, तिवरांच्या मुळांत लपतात, खाजणात आणि तळ्यांत शिरतात. जिताड्याची एक गंमत आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसेल. तो आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे पाहुण्यांसाठी मुद्दाम आणलेला तो भला मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. ऐन पावसाच्या तोंडावर अशा मोठ्या माशाला हात लावला नाही, तर पुढच्या कित्येक वर्षांचा मासा राखला जातो.

पावसातच तिवरांची फळं गळतात. या झाडांचं बी झाडावर असतानाच रुजायला लागतं. लेक बाळंतपणाला माहेरी राहून मग बाळ घेऊन सासरी जाते, तसं हे रोप अर्धं तयार होऊनच आईला सोडतं. पाण्यावर तरंगत जातं आणि जिथे मऊ गाळ मिळेल तिथे पाय रोवतं. म्हणून आपोआप येणारं तिवर राखणं हे विकतची रोपं लावण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त असतं.

शेतात भात वाढायला लागलं की सुगरण पक्षी दिसतात. भाताची पानं चिरून ते घरटी विणतात. खाडीपलीकडे किहीमला डॉ. सालीम अली यांनी १९३० साली या पक्ष्यांचा अभ्यास केला. आपण समजतो मादी विणते, पण विणणारा नर असतो, हे त्यांनी नीट नोंदवून दाखवलं. घरटं अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तरच ती आत राहते. एका ठिकाणी बसून, रोज बघून, रोज लिहून त्यांनी हे शोधलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गणपती झाले की पाहुणे पक्षी उतरायला लागतात, आणि दिवाळीपर्यंत चिखल भरून जातो. यात टिलवा आहे, जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा, म्हणजे मूठभर तांदळाहूनही हलका. तो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो. लांब वाकड्या चोचीचा कोरल आहे. शेकाट्या, चिखल्या, तुतवार आहेत. मांडव्याच्या बोटीमागे उडणारे पांढरे कुरव आहेत, त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून आलेले असतात. प्रत्येकाची चोच वेगळ्या मापाची असते. आखूड चोचीचा वरवरचं टिपतो, मधल्या चोचीचा बोटभर खाली शोधतो, कोरल खेकड्याच्या बिळात खोल चोच घालतो. एकाच ताटात सगळे जेवतात आणि भांडण होत नाही.

होळीच्या सुमारास हे पक्षी परतीची तयारी करतात. हजारो किलोमीटर उडायचं असतं, म्हणून भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. या दिवसांत मुलांनी थव्यावर दगड मारला किंवा कुत्रं सोडलं, तर पक्षी पुन्हा पुन्हा उडतात आणि साठवलेलं तिथेच खर्च होतं. बोटीवरून कुरवांना गाठ्या टाकणंही तसंच. आपल्याला मजा वाटते, पण ते तळलेलं, खारट खाणं त्यांचं नाही.

उन्हाळ्यातही खाडी रिकामी नसते. निवट्या बिळं करतात, खंड्या काठावर बसलेला असतो, ब्राह्मणी घार घिरट्या घालते. तिवरांत कोल्हेही राहतात. ते रात्री खेकडे खातात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. कोल्हा जखमी किंवा विचित्र वागताना दिसला, तर जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

आता अवघड भागाकडे येऊ. खारेपाटातल्या आपल्या घरांचं पोट या खाडीवर आहे आणि बांधामागच्या भातावरही आहे. दोन्हींत भांडण लागल्यासारखं वाटतं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं. दोन-तीन वर्षं खांड तशीच राहिली की शेतात तिवरं उगवतात. मग ती तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. जमीन खासगी असली तरी हाच नियम. त्यामुळे अनेक घरांत तिवर हा शब्द काढला तरी राग येतो. ज्या बाईचं शेत गेलं, तिचा राग खोटा नाही.

पण नीट पाहिलं तर शेत तिवराने खाल्लेलं नसतं. वेळेवर न बुजवलेल्या खांडीने खाल्लेलं असतं. बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा असेल, तर उधाणाची लाट आणि मालवाहू बार्जची लाट आधी त्या झाडांवर फुटते आणि बांध टिकतो. बाहेरची तिवरं तोडली की बांध उघडा पडतो. म्हणजे बांधाबाहेर तिवर आणि बांधाआत भात, ही दोघांची जागा आहे. पूर्वी गावं जोळ पद्धतीने एकत्र येऊन बांधाची राखण करायची. टोपलीभर माती उचलणाऱ्यांत बायका पुढे असायच्या. आज जबाबदारी खारभूमी विभागाची असली, तरी खांड पडल्याचं पहिलं दिसतं ते आपल्यालाच. खांड दिसली की त्याच आठवड्यात तारीख घालून ग्रामपंचायतीला आणि खारभूमी विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उघाडीची झडप बसत नसेल तर तेही लिहा. त्याच हंगामात बुजली तर शेतही वाचतं आणि पुढचा तंटाही टळतो.

चिखलात उतरणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. चिंबोरीच्या पोटाखाली अंड्यांचा गुच्छ दिसला तर ती परत सोडा. आणि बोटाएवढी पिल्लं, मग ती माशांची असोत वा खेकड्यांची, टोपलीत घेऊ नका. रोज त्याच बिळावर न जाता जागा बदलत राहा. ज्यांच्या सासवांनी हे पाळलं, त्यांनाच आज काही मिळतंय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं, मासे, पक्षी आहेत, कोण त्यांचा उपयोग करतं, हे सगळं त्यात यायला हवं. समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, असं २००४ च्या नियमांत म्हटलं होतं. उद्या कुणी या चिखलावर भराव टाकायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न येतो की इथे होतं तरी काय. त्या वेळी तोंडी सांगणं कमी पडतं. नोंदवहीत लिहिलेलं असेल तर दाखवता येतं.

निवट्या कुठल्या तिथीला जास्त मिळतात, कालवं कुठल्या खडकाला धरतात, कोरल पहिल्यांदा कधी दिसला, हे अभ्यासकाला वर्षानुवर्षं बसून शोधावं लागतं. आपल्यातल्या कितीतरी जणींना ते पाठ आहे, पण ते कागदावर नाही. म्हणून बचत गटाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पाच रकाने आखा: तारीख, तिथी, भरती की ओहोटी, जागा, काय दिसलं. नाव माहीत नसेल तर आपल्या बोलीतलं लिहा, किंवा लेकीला मोबाईलवर फोटो काढायला सांगा. महिन्यातून चार नोंदी झाल्या तरी वर्षात पन्नासच्या जवळ जातात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. पुढच्या ग्रामसभेला जाताना ही वही बरोबर न्या आणि विचारा, आपल्या गावाची नोंदवही झाली आहे का, तिच्यात खाडी आहे का? नसेल तर आपल्या नोंदी त्यात घालायचा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का हे सही करण्याआधी वाचून बघा.