गाता गाता नाचायचं! शो क्वायर म्हणजे नेमकं काय?

‘ग्ली’ ही अमेरिकन सिरीज पाहिली असेल, तर शो क्वायर तुमच्या ओळखीचंच आहे. क्वायर म्हणजे समूहगायन. त्याला नाच, वेशभूषा आणि वाद्यवृंदाची जोड दिली की झालं शो क्वायर.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं ‘सिंगिंग हुजियर्स’ हे याचं जुनं उदाहरण. इंडियानाच्या लोकांना हुजियर म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. १९५० साली सुरू झालेला हा ग्रुप विद्यापीठाच्या संगीत विभागाचा आहे, पण त्यात यायला संगीताचीच डिग्री करावी लागत नाही. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ऑडिशन देऊ शकतो.

मग यातून मिळतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे दमसास. नाचताना धाप लागते आणि धाप लागली की सूर हलतो. श्वास कुठे घ्यायचा, हे पावलांसोबतच ठरवून घटवावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे कान. शेजारचा वेगळा सूर लावत असताना आपला सोडायचा नाही. तिसरी, स्टेजची भीती जाते. चुकलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे अंगवळणी पडतं.

आपल्या युवक महोत्सवांत समूहगान आणि समूहनृत्य या वेगळ्या स्पर्धा असतात. शो क्वायरमध्ये दोन्ही एकालाच करायचं असतं. त्यामुळे उद्याचा इंजिनिअरही इथे पूर्ण कलाकारासारखा घडतो. पुढे गाणं सुटलं, तरी चारचौघांत उभं राहून बोलायचा धीर सुटत नाही.