मुरुमांचे व्रण आणि सहा महिन्यांची अट

तारुण्यांत पदार्पण होतांना चेहऱ्यावर ज्या पुटकुळ्या उठतात, त्यांना सुश्रुतसंहितेंत ‘मुखदूषिका’ असें नांव असून त्यांची तुलना सांवरीच्या कांट्यांशीं केलेली आहे. नांव मोठें अन्वर्थक आहे; कारण पुटकुळ्या कालांतरानें मावळल्या तरी मुखाला आलेलें दूषण पुष्कळदां मागें राहतें. कोठें सुईनें टोंचल्यासारखें अरुंद व खोल छिद्र, कोठें उभ्या कडांचा खळगा, तर कोठें आंतून ओढून धरल्यासारखी उंचसखल झालेली त्वचा. पावडरीनें डाग झांकला जातो; खळग्याची सावली मात्र लपत नाहीं.

असे व्रण ज्यांना पडतात, त्यांपैकीं पुष्कळांना आयसोट्रेटिनॉइन हें पोटांत घेण्याचें औषध चालूं असतें किंवा नुकतेंच संपलेलें असतें. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळांतील ह्या औषधाला १९८२ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्वचेंतील तैलग्रंथींना तें आक्रसवितें, म्हणूनच इतर उपायांना दाद न देणारे मुरुमहि त्यापुढें नमतात. परंतु त्याबरोबर रोग्याला एक अट ऐकावी लागे : औषध संपल्यावर सहा महिने, कोठें कोठें वर्षभरहि, व्रणांवर कोणतीहि क्रिया करावयाची नाहीं. औषधाचा क्रम बहुधा पांचसहा महिन्यांचा. त्यांत ही भर. लग्न ठरूं घातलेल्या मुलीला किंवा नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला हा काळ केवढा वाटत असेल, तें सांगावयास नको.

ही अट आली कोठून? चेहऱ्याची वरची त्वचा यंत्रानें खरवडून काढली असतां नवी त्वचा येते ती मुख्यत्वें केशमुळांच्या व त्यांना लागून असलेल्या तैलग्रंथींच्या भिंतींतून. ग्रंथीच आक्रसल्या असतील तर जखम नीट कशी भरणार, ही शंका रास्त होती. अशांत १९८६ सालीं सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. ह्या औषधाच्या सेवनाबरोबर त्यांची त्वचा खरवडण्यांत आली होती. व्रण सपाट होण्याऐवजीं तेथें केलॉइड नांवाच्या जाड, उंच गांठी उठल्या. १९८८ सालीं आणखी तिघांची भर पडली. चेहऱ्यावर केलॉइड उठणें ही सामान्य आपत्ति नव्हे, तेव्हां वैद्य बिचकले यांत नवल नाहीं. मात्र खरवडण्यावरून आलेला निषेध पुढें सौम्य आम्लाच्या लेपालाहि लागू झाला. दुधानें तोंड पोळलें म्हणून ताकहि फुंकून पिण्यांतला हा प्रकार!

पुढें २०१७ सालीं तज्ज्ञांनीं ३२ प्रसिद्ध लेखांतील १४८५ क्रियांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या. त्यांतून असें निघालें कीं, त्वचेच्या वरच्या थरापुरता आम्ललेप, हातानें केलेलें हलकें घर्षण आणि विभागशः दिलेला लेसर ह्या क्रिया लांबणीवर टाकण्यास पुरेसा आधार नाहीं. भारतांतील त्वचाशल्यज्ञांच्या संघटनेनेंहि त्याच वर्षीं ह्याच धोरणाची मार्गदर्शिका काढली. यंत्रानें त्वचा खरवडणें व लेसरनें सर्व पृष्ठभाग जाळून काढणें ह्या दोन क्रिया मात्र सहा महिन्यांच्या आंत करूं नयेत, हा निषेध कायम राहिला.

ह्या भेदाचें मर्म समजण्यासारखें आहे. विभागशः लेसर झाऱ्याच्या छिद्रांप्रमाणें त्वचेवर अगदीं बारीक बिंदु पाडतो. दोन बिंदूंच्या मधली त्वचा अभंग राहते आणि तीच शेजारची जखम भरून काढते. सर्व पृष्ठभागच काढून टाकला तर असा शेजार उरत नाहीं, आणि सारी भिस्त खालच्या ग्रंथींवर पडते.

आधार पुरेसा नाहीं म्हणजे धोका मुळींच नाहीं, असें अर्थातच नव्हे. ज्याच्या अंगावर पूर्वीं केलॉइड उठलेलें आहे त्यानें सावध राहिलेंच पाहिजे. कानामागें किंवा जबड्याखालीं लहानशी जागा निवडून आधीं क्रिया करून पाहणें, हा जुना मार्ग अद्यापहि शहाणपणाचा आहे. आपल्याकडील सांवळ्या वर्णाला आणखी एक भय असतें : जखम उत्तम भरते, पण तेथें काळा डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यासाठीं लेसरची तीव्रता बेताची ठेवावी लागते आणि उन्हापासून चेहरा जपावा लागतो. चेहऱ्यावर नवीन पुटकुळ्या उठत असतील तर आधीं त्या आटोक्यांत आणाव्या. एकीकडे खळगे बुजवावयाचे आणि दुसरीकडे नवे पडूं द्यावयाचे, यांत पैसा व वेळ दोन्ही व्यर्थ जातात.

गंमत अशी कीं, लेसरच्या नांवानें धास्तावणारीं माणसें औषध चालूं असतांना मेणानें केस काढावयास निःशंकपणें जातात. ह्या औषधानें त्वचा नाजूक झालेली असते व मेणाबरोबर तिचा पापुद्राच निघून येतो. तें टाळलें पाहिजे. स्त्रियांच्या बाबतींत तर याहून कितीतरी गंभीर गोष्ट आहे : ह्या औषधानें गर्भाला भयंकर व्यंगें येऊं शकतात, म्हणून तें चालूं असतां आणि संपल्यावरहि एक महिना गर्भधारणा होऊं देतां कामा नये. लग्नापूर्वीं चेहरा नितळ व्हावा म्हणून तें घेणाऱ्या मुलीला ही गोष्ट पहिल्याच दिवशीं, आडपडदा न ठेवतां सांगितली गेली पाहिजे.