लाल भोपळ्याचे घारगे आणि पितरांचं पान

मागच्या आठवड्यात आपण महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या पाहिल्या. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच भाद्रपदाचा वद्य पक्ष लागतो आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या बाजारात गवार, भेंडी, कारलं, अळू, लाल भोपळा यांना पुन्हा मागणी येते. ज्या तिथीला माणूस गेला, त्या तिथीला त्याची पित्रं. सवाष्ण गेलेल्या बाईची नवमीला. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. स्वयंपाक कांदा-लसणाविना: खीर, कढी, भाज्या, उडदाचे वडे. एक घास गाईला, एक कावळ्याला, मग घरची पंगत.

उडीदच का, याचं शास्त्र पोथीत असेल; मला त्याचं उत्तर शेतात दिसतं. मृगाच्या पावसावर पेरलेला उडीद सत्तर-ऐंशी दिवसांत हाती येतो, म्हणजे ऐन पितृपक्षाच्या तोंडावर. घरात आलेलं खरिपाचं पहिलं धान्य आधी वाडवडिलांच्या पानावर जायचं. आता जिल्ह्यात जिकडे तिकडे सोयाबीन आहे आणि वड्यांचा उडीद पुष्कळ घरांत किराणा दुकानातून येतो. वडे होतात, पण ‘यंदा उडीद कसा झाला’ हे पितरांना सांगायचं राहून जातं, आणि ते राहू नये असं मला मनापासून वाटतं.

लाल भोपळ्याची कहाणी आणखी लांबची. पण आधी पितरांच्या पानासाठीचे त्याचे घारगे. ते करताना किसलेला भोपळा गुळाबरोबर कढईत शिजवायचा. गूळ विरघळून कीस मऊ झाला की त्यात मावेल तेवढीच कणीक घालायची, वरून पाणी नाही. पानावर थापायचे, खसखस लावायची आणि मंद आचेवर तांबूस तळायचे. आच मोठी झाली की गूळ करपतो आणि घारगा आत कच्चा राहतो.

हा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात भोपळ्याच्या कुळाची लागवड सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपासून होते. आपल्याकडे तो सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे आला. त्याच मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ आणि गोड पाव मांडतात, आणि कच्च्या गुळात दालचिनी घालून शिजवलेल्या भोपळ्याच्या फोडी. भोपळा आणि गूळ, तिथेही पूर्वजांसाठीच! युनेस्कोने २००८ मध्ये या सणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मेक्सिकोतल्या त्या मांडणीत, गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ हवाच. आपल्याकडे विधीत तसं कलम नाही, तरी आजोबांच्या पानाशेजारी कोणी चहाचा कप ठेवतं, कोणी तंबाखूची चिमूट. कावळा लवकर शिवला नाही की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “अहो, त्यांना भजी आवडायची, ती कुठंयत?” मग पुन्हा कढई चढते. पोथीत नसलेला हा घास मला सगळ्यात खरा वाटतो.

मेक्सिकोतले लोक मृतांची वाट झेंडूच्या फुलांनी सजवतात. झेंडूही तिथूनच आपल्याकडे आला, पण श्राद्धाला आपण पांढरी फुलं, तुळस आणि माका घेतो. झेंडू थांबतो दसऱ्यासाठी. त्याच्याविषयी पुढच्या भागात.